शब्दचर्चा : नट ‘गंजला’, ‘धरला’, ‘जाम झाला’ की ‘बसला’?

प्रश्न, खानापूरहून :
जुन्या येझदी मोटारसायकलच्या सायलेन्सरचा नट फिरेना झाला की कुणी ‘गंजलाय’ म्हणतं, कुणी ‘धरलाय’, कुणी ‘जाम’, कुणी ‘बसलाय’. सगळं एकच का? आणि हा ‘गंज’ गवतगंजीतलाच काय?

बेळगाव, उद्यमबागेतून :
एकच नव्हे, आणि फरक कामाचा आहे. ‘गंजला’ हे डोळ्याला दिसतं तेवढंच. वरून तांबडालाल झालेला नट पहिल्या हिसक्यात सुटूही शकतो. ‘धरला’ म्हणजे आट्यांच्या (नटाच्या आतल्या पेचांच्या) फटीत गंज फुगला. लोखंडापेक्षा त्याच्या गंजाला जागा जास्त लागते, म्हणून तो आत पाचर मारल्यासारखा बसतो. ‘जाम’ ढोबळ शब्द आहे. आटा तिरका चढला तरी जामच म्हणतात, आणि त्याला तेल पाजून काही होत नाही.

‘बसला’ हे पाइपाला म्हणायचं. जुन्या कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटचा बेंड पाइप (इंजिनातून धूर बाहेर नेणारा वाकडा पाइप) हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, नुसता दाबून घातलेला असतो, तिथं नटच नाही. फ्रेमकडचा नट आणि सायलेन्सरचा क्लँप सोडायचा आणि पाइप डावी-उजवीकडं पिळत पुढं ओढायचा. येझदीत मात्र दोन्ही दुखणी एकदम येतात. पाइप इंजिनाला आवळणारा खाचांचा गोल नट धरतो, आणि टू-स्ट्रोकच्या तेलकट काजळीनं आतला पाइप बसतो. नट सुटतो, पाइप हलत नाही. किंवा नटाबरोबर पाइपच फिरायला लागतो आणि वाकतो. म्हणून सायलेन्सरचा मागचा बोल्ट आधी सैल करायचा, मग पुढं पाना लावायचा.

निपाणीहून :
‘धरला’ला इकडं कन्नडचा आधार आहे बघा. कन्नड मेस्त्री ‘तुक्क हिडदैती’ म्हणतो. तुक्कु म्हणजे गंज, हिडी म्हणजे धरणे. आपण ‘गंज धरला’ म्हणतो ते शब्दाला शब्द तेच. कुणी कुणाकडून घेतलं हे सांगणं अवघड, पण दोन्ही भाषा एकाच गॅरेजात बोलल्या जातात.

गवतगंजीचं म्हणाल तर ते वेगळं. लोखंडाचा ‘गंज’ पुल्लिंगी, गवताची ‘गंज’ किंवा ‘गंजी’ स्त्रीलिंगी. आमटीचा ‘गंज’ पुन्हा पुल्लिंगी, पण ते भांडं. ‘गंज चढला’ आणि ‘गंज रचली’, क्रियापदावरून घोटाळा होत नाही.

खानापूरहून :
मेस्त्रीला सांगताना ‘नट काढा’ म्हणायचं की ‘सोडवा’?

उद्यमबागेतून :
‘मोकळा करा’ म्हणा. ‘काढा’ म्हटलं की छन्नी-हातोडी बाहेर येते आणि येझदीच्या नटाच्या खाचा तुटतात. ही गाडी म्हैसूरला १९६१ ते १९९६ या काळात बनली (आधी जावा, १९७३पासून येझदी), तेव्हा मूळ नट जपलेला बरा. त्याला खाचेत अडकणारा हुक पानाच लागतो.

मोकळा करणं म्हणजे असं : तारेच्या ब्रशनं आट्याचं तोंड साफ करा. ॲसिटोन आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं तेल) निम्मं-निम्मं घ्या. दोन्ही नीट मिसळत नाहीत, दर वेळी बाटली हलवायची. दिवसभरात तीन-चार वेळा आट्यांवर थेंब सोडा आणि रात्रभर ठेवा. ॲसिटोन पेट घेतं, म्हणून ते पूर्ण उडाल्याशिवाय जवळ आग नको. मग नट चारी बाजूंनी तापवा, पाण्याचा थेंब टाकला की नाचला पाहिजे एवढाच. लाल केला तर क्रोम निळा पडतो. गरम फटीला मेणबत्ती टेकवली की मेण वितळून आत ओढलं जातं. पाणी ओतून गार करायचं नाही, कास्ट आयर्नला तडा जातो. आधी घट्ट करायच्या बाजूला केसभर हलवा, मग पाव फेरा सोडा, थोडा परत आणा, तेल, पुन्हा.

निपाणीहून :
ज्या गाड्यांत पाइपाची कडा (फ्लँज) इंजिनात रोवलेल्या आट्यांच्या दांड्यांवर (स्टडवर) नटांनी आवळलेली असते, त्यांना एक भर. नट धरला तर नट तापवा. स्टड ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये धरला तर हेड तापवा, कारण ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. आणि हाताकडं लक्ष द्या. गंज सुटतो तेव्हा ‘कट्’ असा कोरडा आवाज येतो. आवाज न येता पाना रबरासारखा मऊ फिरायला लागला, तर स्टड पिळवटतोय. तिथंच थांबा. नट कापून काढणं स्टड तुटण्यापेक्षा स्वस्त.

तुटलाच तर राहिलेल्या टोकावर नवा नट ठेवून आतून वेल्डिंग करा. त्या उष्णतेनंच बऱ्याचदा पकड सुटते. इझी-आउट (तुटका स्टड उलटा फिरवून काढायचा कडक पेच) शेवटी. तो आत मोडला तर साधा ड्रिल त्याला लागत नाही. स्टड भोक पाडूनच काढावा लागला तर ८ मिमीच्या, १.२५ आट्याच्या स्टडला ६.८ मिमीचं भोक आणि त्याच मापाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार).

खानापूरहून :
म्हणजे आमच्या गाडीचा नट धरलाय आणि पाइप बसलाय.

उद्यमबागेतून :
होय की. परत बसवताना आट्यांना कॉपर ग्रीस लावा, गॅस्केट नवी घाला, आणि इंजिन एकदा तापून गार झालं की नट पुन्हा आवळा. पहिल्या तापण्यात गॅस्केट दबते आणि नट सैल पडतो. त्याला मात्र ‘सैल’च म्हणायचं; ‘मोकळा’ नव्हे.