अनुभव धागा : कॉलेजात असताना निसर्गसंस्थेत काय काय केलंत?

भाचा परवा विचारत होता, सुट्टीत एखाद्या पर्यावरण संस्थेत जाऊ का? 'झाडं लावतात' यापलीकडे त्याला काही ठाऊक नाही. म्हणून हा धागा. भाषणं नकोत, हातांनी काय केलंत ते लिहा. सुरुवात मी करते.

जानेवारी 2009, एस. वाय.ला होते. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला आठ दिवस राहिले. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, तोवर कोल्ही-कुत्री नाहीतर माणसं अंडी पळवत. काम काय, तर गावातल्या एका काकांमागून पहाटे किनारा तुडवायचा. मादी रात्रीच अंडी घालून गेलेली असते. वाळूत ट्रॅक्टर गेल्यासारखा माग उरतो. एक घरटं सापडलं. अंडी पिंगपाँगच्या चेंडूएवढी, पण चामट, बोटाने दबणारी. वरची बाजू वरच ठेवून एकेक टोपलीत, मग कुंपणात दीड फूट खोल, माठाच्या आकाराच्या खड्ड्यात. मी मोजत होते. माझी 112, काकांची 113. "पुन्हा मोजू?" म्हटलं, तर, "खेळणी आहेत काय? 113 लिही." पिल्लं बाहेर यायला दीडदोन महिने लागतात. तोवर माझी परीक्षा. पिल्लं बघितलीच नाहीत!

पाचवा जिना
खोटं कशाला बोलू, मी एनएसएसचे 240 तास भरायला गेलो होतो. अनंत चतुर्दशीला घाटावर निर्माल्य गोळा करायचं. हारातला दोरा, थर्माकोल, कापराच्या डब्या वेगळ्या काढायच्या. रात्री दहानंतर कुजक्या झेंडूचा वास नाकात बसतो तो चार दिवस जात नाही. एक आजोबा पिशवी सोडेनात. "वाहत्या पाण्यातच जायला हवं." आमच्यातल्या एकीने चप्पल काढली, दोन्ही हात पुढे केले. दिली पिशवी. त्यानंतर आम्ही सगळेच अनवाणी उभे. तळवे सोलवटले, तो भाग वेगळा.

खारा वारा
आम्ही विसर्जनाच्या हौदावर होतो. प्लास्टरची मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात विरघळवायची, दोनेक दिवस अधूनमधून ढवळत. खाली कॅल्शियम कार्बोनेटचा खडूसारखा गाळ उरतो, वरचं पाणी अमोनियम सल्फेटचं, म्हणजे पातळ करून झाडांना खत. रसायनशास्त्रात नापास झालो होतो, एवढं समीकरण मात्र अजून पाठ आहे. डोळे चुरचुरतात, तोंडाला रुमाल बांधा.

भर दुपार
माझा अनुभव गोड नाही. पुण्यातल्या एका टेकडीवर जुलैत आम्ही दीडशे रोपं लावली. फोटो झाले, वडापाव झाला. मार्चमध्ये पाच लिटरचे कॅन घेऊन पाणी घालायला आलो आम्ही तिघं. अकरा रोपं जिवंत. वर एका सरांनी सांगितलं, ही मुळात गवताची टेकडी, इथे चंडोल जमिनीवर घरटं करतो, झाडं हवीत कुणाला? राग आला होता तेव्हा. पुढच्या वर्षी त्यांच्याबरोबरच गवत कापून जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून मोकळा पट्टा, काढली आणि वणवा आला तेव्हा ओल्या डहाळ्यांनी झोडपून विझवला. भुवया जळाल्या. भाच्याला सुती कपडे घालून पाठव.

पाचवा जिना
ताई, त्या 113चं पुढे काय झालं?

धागाकर्ती
एप्रिलमध्ये काकांना फोन केला होता. 97 पिल्लं समुद्रात गेली म्हणाले. "तुझं एक अंडं कमीच होतं, मी उगाच 113 म्हणालो."