मदत हवी आहे : हल्लासानवरचा अझेलियाचा बहर नेमका कधी गाठावा?

नमस्कार मंडळी. दक्षिण कोरियातल्या जेजू बेटावर मी एकदा एप्रिलमध्ये जाऊन आले, आणि ते बेट मनातून जातच नाही. पिवळीधमक मोहरीसारखी शेतं, त्यांना काळ्या लाव्हाच्या दगडांचे बांध. दगड नुसते एकावर एक रचलेले, मधल्या फटींतून वारा शीळ घालत जातो. समुद्रातून वर आलेली एक हेन्यो आजी जाळी खडकावर ठेवून दम घेत होती. ऑक्सिजनच्या नळकांड्याशिवाय बुडी मारणाऱ्या या बायकांसमोर हात आपोआप जोडले जातात.

पण बेटावरच्या हल्लासान पर्वतावर (उंची १९४७ मीटर) अझेलियाच्या झुडपांवर नुसत्या घट्ट कळ्या होत्या. वरच्या पठारावर हा गुलाबी बहर मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला येतो, हे तिथे गेल्यावर कळलं. फार चुटपुट लागली.

आता आईला घेऊन जायचंय. ती ६४ वर्षांची आहे, रोज चालते, पण उतरताना गुडघे दुखतात. शिखराचा हट्ट नाही, म्हणून योंगसिलची वाट धरावी म्हणते. ती शिखरापर्यंत जात नाही, पण फुलांच्या पठारातून जाते.

कुणी त्या दिवसांत गेलंय का? मेचा शेवटचा आठवडा बरा की जूनचा पहिला? योंगसिलच्या पायऱ्या उतरताना गुडघ्यांना कितपत जड जातात? आणि धुक्याचा किती त्रास झाला? एक दिवस राखीव ठेवणार आहे, पुरेल का?