क्लबमध्ये सिल्क, हूप आणि आगीचा खेळ: ठरवण्याआधी काय काय बघायचं?

शनिवारची_रात्र
एका नाइटक्लबमध्ये रात्रीचा कार्यक्रम बसवायचाय. डीजे चालूच राहणार, मध्येमध्ये सर्कशीतले खेळ: वरून टांगलेलं सिल्क (लांब कापड) किंवा हूप (धातूचं मोठं कडं), आगीची पोई (साखळीच्या टोकाला पेटती वात लावून फिरवायची) आणि गर्दीतून फिरणारे दोन स्टिल्टवाले (पायांना उंच काठ्या बांधून चालणारे). माणसं तीनशेच्या आसपास. डान्स फ्लोअरवर छत ५.५ मीटर, त्याखाली थोडं फॉल्स सीलिंग, लाइटचा ट्रस (लाइट टांगायची धातूची चौकट) वेगळा. क्लबवाले म्हणतात, "होऊन जाईल." पण आधी नेमकं काय तपासून घ्यायचं? आणि सिल्क-हूपपैकी एकच ठेवायचं तर कुठलं?

टांगणीवाला
हूप. सिल्कची मजा ड्रॉपमध्ये असते, म्हणजे कापड अंगाभोवती गुंडाळून वर चढायचं आणि उलगडत खाली यायचं. तुमच्या ५.५ मीटरमधले अर्धा मीटर स्लिंग (टांगायचा पट्टा), स्विव्हल (मोकळी फिरणारी जोडणी) आणि कड्या खातात, खाली थांबायला निदान दीड मीटर हवेत. उरलेल्या जागेत बेताचे ड्रॉप होतात, पण बराचसा वेळ नुसत्या पोझ देण्यात जातो.

हूप लोकांच्या डोक्यावर टांगायचा विचार असेल तर तो मात्र सोडा. गणित करून बघा. वरच्या कड्या ४० सेंटीमीटर, पट्टा ६०, हूपचा व्यास ९५. म्हणजे हूपची खालची कड जमिनीपासून साडेतीन मीटरवर. कलाकार गुडघ्यांवर उलटी लटकून हात खाली सोडते तेव्हा गुडघ्यापासून बोटांपर्यंत दीड मीटरच्या वर अंतर भरतं. बोटं आली दोन मीटरवर. खाली मोबाइल धरून वर केलेला हात सव्वादोन मीटरपर्यंत सहज पोचतो. कुणीतरी तिचा हात धरणार हे गृहीतच धरा. दारू पोटात गेलेला माणूस हमखास धरतो. त्यामुळे खाली अडीच मीटर त्रिज्येचं वर्तुळ मोकळं हवं, त्याला जमिनीला धरून राहणारं बॅरिकेड आणि आत पाठ करून उभी राहणारी दोन माणसं. नुसता मखमली दोर लावला तर दहा मिनिटांत लोक त्यावर रेलतात. वर्तुळ मोकळं ठेवलंत की हूप खाली घेता येतो आणि जमिनीवरून चढताही येतं.

आता टांगायची जागा. साठ किलोची कलाकार शांत लटकली तर भार साठच, पण झटक्याच्या हालचालीत तो तीन ते पाच पट होतो, सिल्कच्या मोठ्या ड्रॉपमध्ये त्याहूनही जास्त. त्यावर सुरक्षिततेसाठी जादा धरून टांगायच्या बिंदूकडून ९०० किलोच्या आसपास ताकद मागायचा प्रघात आहे. फॉल्स सीलिंगचा काही उपयोग नाही, ते स्वतःचं वजन पेलतं तेवढंच. बीम किंवा स्लॅबमधला अँकर कशात आणि किती खोल बसवलाय हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. कड्या स्क्रू-लॉकच्याच. लांबीत २२ किलोन्यूटन (साधारण २,२०० किलोंचा भार) पेलणारी कडी आडवी ओढली गेली की साधारण ७ वर येते, म्हणून हूप फिरवून झाल्यावर कड्या सरळ बसल्यात का हे खालून टॉर्च मारून बघायचं. स्विव्हल विसरलात तर सगळा पीळ पट्ट्यात जातो आणि हूप मध्येच उलटा फिरू लागतो.

शनिवारची_रात्र
मोकळ्या वर्तुळाचं क्लबला पटवावं लागेल. ट्रसबद्दल ते म्हणतात, "दोन टनांचा आहे, मोटरवर आहे, त्यालाच लावा. हवं तर तिला वर-खालीही करता येईल."

टांगणीवाला
दोन टन हा आकडा बहुतेक वेळा सगळ्या लांबीवर सारख्या पसरलेल्या आणि स्थिर भाराचा असतो. मधोमध एका बिंदूवर लावायचं तर मर्यादा बरीच कमी होते. उत्पादकाच्या तक्त्यात तो आकडा वेगळा दिलेला असतो, तोच मागा. त्यातून आधी लटकलेल्या लाइटचं वजन वजा करा. शिवाय हूपच्या झटक्याने ट्रस हलला की मूव्हिंग हेड (मोटरवर फिरणारे लाइट) डोलतात आणि त्यांचे क्लॅम्प हळूहळू सैल होतात.

मोटरवर माणूस वर-खाली करायचा तर साफ नाही म्हणा. सामान उचलायची चेन मोटर माणसासाठी नसते, त्याला वेगळे ब्रेक आणि वेगळं प्रमाणपत्र लागतं. हूप त्या उंचीवर नेऊन पक्का करायचा, मग तिनं चढायचं.

अंधारातला_उजेड
वरचं सगळं बरोबर, पण क्लबमध्ये घोळ होतो तो बहुतेक लाइटमुळे. एक गोष्ट फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. लेझरचे किरण प्रेक्षकांच्या डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून जमिनीपासून तीन मीटरच्या वर ठेवतात. खालच्यांसाठी ते ठीकच, पण हूपवरची कलाकार नेमकी त्याच पट्ट्यात असते, गिरक्या घेत, डोळे उघडे. तिच्या वेळेत लेझर बंद म्हणजे पूर्ण बंद, शटर पाडून. "मंद करतो" चालत नाही.

स्ट्रोबही (झपझप उघडझाप करणारा लाइट) बंद. हूपवर हात पुढच्या पकडीकडे जातो तो डोळ्यांच्या अंदाजाने. स्ट्रोबमध्ये मधला प्रवास दिसतच नाही. समोरून तोंडावर येणारा फॉलो-स्पॉट (कलाकाराचा पाठलाग करणारा झोत) त्याहून वाईट, उतरताना जमीन कुठे आहे तेच कळत नाही. दोन्ही बाजूंनी साइड लाइट आणि वरून एक, एवढ्यावर छान दिसतं. तरीही सिल्कच घेतलंत तर मूव्हिंग हेडवर छापलेलं किमान अंतर वाचा. नायलॉन साधारण २२० ते २६० अंशांना वितळतं आणि जवळून एकाग्र केलेला बीम कापड खराब करू शकतो.

फॉग: मशिनच्या धुरातल्या ग्लायकॉलचा पातळ थर हूपवर बसतो आणि पकड निसटते. खेळाच्या वीस मिनिटं आधी फॉग थांबवा, हूप कोरड्या सुती फडक्याने पुसा, मग कलाकार आपलं रोझिन (पकडीसाठीची राळ) लावेल. आणि सीओटू जेट (कार्बन डायऑक्साइडचा गार झोत) हूपच्या खालून अजिबात नको. बाहेर पडणारा झोत उणे ७८ अंशांच्या आसपास असतो आणि त्याच्या आवाजाने माणूस दचकतो.

वात_आणि_रॉकेल
आगीची पोई बंद जागेत नको, एवढं एक वाक्य लिहून थांबणार होतो. पण क्लबवाले "मग कोल्ड पायरो (कोल्ड स्पार्क मशिन) लावू" म्हणतील, म्हणून पुढचं.

२००३ मध्ये अमेरिकेतल्या र्‍होड आयलंडमधल्या 'द स्टेशन' क्लबात आगीत १०० माणसं मेली. २०१३ मध्ये ब्राझीलच्या सांता मारियातल्या 'किस' क्लबात २४२. दोन्हीकडे मंचावरच्या ठिणग्या आवाज शोषायला लावलेल्या फोममध्ये गेल्या. त्यामुळे आधी भिंतीवर आणि छताला काय चिकटवलंय ते बघा. कोल्ड स्पार्क मशिनमध्ये टायटॅनियम-झिर्कोनियमची पूड तापवून उडवतात. ठिणगी लगेच निवते म्हणून नाव 'कोल्ड', पण ती पूड पेटली तर पाणी मारून भागत नाही, उलट भडकते. कोरडी वाळू जवळ ठेवावी लागते.

आगीचा खेळ उघड्या गच्चीवर किंवा अंगणात नेता येत असेल तर जमेल. इंधन रॉकेल किंवा दिव्याचं तेल, पेट्रोल कधीच नाही. वात भिजवली की डब्यातच झटकून जादा तेल काढायचं. हे टाळलं तर पहिल्याच फिरकीत जळते थेंब लोकांवर उडतात. चारी बाजूंना किमान तीन मीटर मोकळे. कपडे सुती. प्रत्येक कलाकारामागे एक माणूस ओला सुती टॉवेल घेऊन, ज्याने खेळ नाही, फक्त कलाकाराकडे बघायचं. तोंडातून आग फेकणारा तर कुठेही नको; तेल फुप्फुसात गेलं तर रासायनिक न्यूमोनिया होतो.

आणखी एक. आत आग दाखवायची म्हणून कुणी स्मोक डिटेक्टर बंद करायला निघालं, तर तिथेच विषय संपवा. स्प्रिंकलरची लाल काचनळीसुद्धा ६८ अंशांना फुटते. छताजवळची ज्वाळा तिला पुरते, मग तीनशे माणसं भिजलेली आणि साउंड सिस्टिम बाद. आतल्यासाठी एलईडी पोई घ्या. अंधारात जास्त खुलते, फक्त बॅटरी भरून एक जोडी राखीव ठेवा.

शनिवारची_रात्र
आगीचा खेळ गच्चीवर हलवतो, आत एलईडी. मॅट लागते का? क्लबला दिसायला नकोय.

टांगणीवाला
२० सेंटीमीटर जाडीची काळी मॅट अंधारात दिसत नाही. ठेवा.

लंबूटांग
मॅटवर माझं थोडं वेगळं मत. मॅट असली की उतरताना कडेवर घोटा वळतो, शिवाय लोक ती खुर्चीसारखी वापरतात. ठेवायची तर खेळाच्या आधी आणायची, नंतर लगेच उचलायची.

स्टिल्टवाल्यांसाठी: त्यांचा शत्रू ओली फरशी आणि बर्फाचे तुकडे. पेग स्टिल्टवर (खाली छोटंसं टोक असलेल्या काठ्यांवर) माणूस स्थिर उभा राहू शकत नाही, सतत पाऊल टाकावं लागतं, म्हणून गर्दीत अडकला की तोल जातो. प्रत्येकापुढे एक वाट करणारा आणि हातात सुकं फडकं. बारपासून लांबचा मार्ग आखा, काचेऐवजी पॉलीकार्बोनेटचे ग्लास द्या, दाराच्या चौकटी आणि एसीच्या डक्टची उंची टेपने मोजा. एका फेरीला २० ते ३० मिनिटं, मग बसायला उंच जागा. साधी खुर्ची त्यांच्या कामाची नाही, टेबल किंवा उंच पेटी लागते.

वेळापत्रकात हूपचा खेळ ४ ते ६ मिनिटांचा धरा, रात्रीत दोन, फार तर तीन. अकराला म्हणून बोलावून दीडला चढवलं तर स्नायू गार झालेले असतात, म्हणून तयारीला अर्धा तास आणि उबदार कोपरा हवा. डीजेला सांगून ठेवा की तिचं गाणं लांबवायचं नाही. हातातला दम त्या लांबीवर मोजलेला असतो. वॉकीटॉकी त्या आवाजात ऐकू येत नाही. लाइटच्या माणसाशेजारी एकजण उभा करा आणि टॉर्चच्या खुणा ठरवा: एकदा म्हणजे तयार, दोनदा म्हणजे सुरू, सतत हलवला तर सगळं थांबवून हॉलचे दिवे लावायचे.