नागपूरहून ऐरोलीला ऑफिस – राहायचं कुठं? डोंबिवली, खारघर, की ऐरोलीतच?

वैदर्भी_एनजीपी

नमस्कार मंडळी. मला नवी मुंबईत ऐरोलीच्या माइंडस्पेस आयटी पार्कमधल्या एका कंपनीत जॉब मिळाला आहे, १ जूनपासून जॉइन व्हायचं, आठवड्यातून तीन दिवस ऑफिस. आम्ही पक्के नागपूरचे, त्रिमूर्ती नगरला स्वतःचं घर, ऑफिसला स्कूटीवर पंधरा मिनिटं, दुपारी जेवायला घरी यायचं अशी सवय, त्यामुळे लोकल वगैरे प्रकार आम्हाला फक्त लग्नाकार्याला मुंबईत आलं की माहीत. घरात आम्ही पाच जण. नवऱ्याचं काम घरून चालतं पण महिन्यातून दोनतीनदा त्याला फोर्टला जावं लागेल, मुलगी आता सहावीत जाईल (सीबीएसई), मुलगा पहिलीत, आणि सासूबाई ७१ वर्षांच्या, गुडघे दुखतात पण रोज सकाळी फिरल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

आता झालंय काय की जितकी माणसं तितकी मतं. माझा आतेभाऊ बदलापूरला राहतो तो म्हणतो इकडे या, तुमच्या बजेटमध्ये (भाडं ३५ हजारापर्यंत) मोठा थ्री बीएचके येईल, हवा मोकळी. नवऱ्याचा मित्र म्हणतो डोंबिवलीशिवाय मराठी माणसानं दुसरीकडे बघूच नये. ऑफिसमधली एक जण म्हणते खारघर, रस्ते रुंद आहेत, तुम्हाला नागपूरसारखंच वाटेल. ब्रोकर तर रोज ठाण्याच्या घोडबंदर रोडचे व्हिडिओ पाठवून राहिला, त्यात स्विमिंग पूल दिसतो, बाल्कनीतून डोंगर दिसतो, पण तिथून ऐरोलीला जायचं कसं हे विचारलं की म्हणतो मॅडम मेट्रो येतेय. कधी येतेय ते नाही सांगत.

नकाशात बघितलं तर सगळंच ऐरोलीच्या जवळ दिसतं. काही समजून नाही राहिलं. त्या भागात खरंच राहणाऱ्यांनी सांगावं. आणि एक बारका प्रश्न, आमच्याकडे दोन मोठे कूलर आहेत, सामानात आणायचे का?

फडकेरोड_कट्टा

सगळ्यात आधी अभिनंदन. मी जन्मापासून डोंबिवलीकर, तेव्हा माझं मत थोडं आपल्या गावाकडे झुकणार हे धरूनच वाचा.

डोंबिवलीत काय आहे ते सांगतो. फडके रोड, गणपती मंदिर, पाडव्याची स्वागतयात्रा, दिवाळीच्या पहाटे अख्खी तरुण पोरं नवे कपडे घालून फडके रोडवर, सावित्रीबाई फुले नाट्यगृह, क्लासेस, मुलांना गाणं तबला जे शिकवायचं ते दोन गल्ल्यांत. सासूबाईंना भजनी मंडळ आठवड्यात सापडेल. तुमच्या बजेटात पूर्वेला लिफ्ट असलेला चांगला टू बीएचके मिळून वर पैसे उरतील.

पण तुम्ही लोकलला नवीन आहात म्हणून प्रवासाचं खरं सांगतो. डोंबिवली ते ठाणे, मग ठाण्याला उतरून नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवर जाऊन ट्रान्स हार्बरची (ठाण्याहून नवी मुंबईला जाणारी लोकल लाइन) पनवेल किंवा वाशी गाडी, मग दिघा गाव आणि पुढचं ऐरोली. कागदावर हा पाऊण तास. प्रत्यक्षात सकाळी आठ ते साडेनऊ डोंबिवलीला गाडीत चढणं हेच एक काम आहे, लेडीज डब्यात तर बाहेरून दिसतं त्याच्या दुप्पट गर्दी, काही बायका उलट्या कल्याणला जाऊन सीट पकडून परत येतात आणि तीच गाडी डोंबिवलीला आली की खाली उभ्या असलेल्या मैत्रिणींना हात करतात. ठाण्याला उतरताना दाराशी आधीच सरकून ठेवावं लागतं नाहीतर थेट मुलुंड. दिवा-ठाणे पाचवी सहावी लाइन २०२२ ला झाली तरी गर्दीत फार फरक पडला असं मला तरी जाणवत नाही, आणि जून २०२५ मध्ये मुंब्र्याच्या वळणावर गाड्यांतून माणसं पडली ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेलच. घाबरवत नाही पण तीन दिवस म्हणजे आठवड्याला सहा वेळा हे करायचं आहे.

बदलापूर विसरा. आतेभावाची हवा खरंच चांगली आहे पण गाड्या कमी आणि एक गाडी चुकली की पुढचं सगळं गणित चुकतं, पावसात उल्हास नदीचा पण भरवसा नाही. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली होती ती त्याच पट्ट्यात.

अजून एक, इकडे भाड्यानं घ्या, पुढे विकत घ्यायची वेळ आली तर कागद वकिलाकडून बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींचं प्रकरण झालं, खोट्या परवानग्या दाखवून रेराचा (गृहप्रकल्पांची सरकारी नोंदणी) नंबर सुद्धा मिळवलेला, लोकांनी बँकेचं कर्ज काढून घरं घेतली आणि नंतर हायकोर्टाचे पाडायचे आदेश आले. रेरा नंबर आहे म्हणजे सगळं ठीक असं समजायचं नाही.

सेक्टर_बारा_वाला

खारघरची बाजू मांडतो. आम्ही २०१४ ला अमरावतीहून आलो, त्यामुळे तुमची अडचण आतून कळते.

खारघर ते ऐरोली एकच गाडी आहे हे कोणी सांगितलं का तुम्हाला? पनवेल-ठाणे ट्रान्स हार्बर धरायची, कुठेही बदलायची नाही, पस्तीस-चाळीस मिनिटांत ऐरोली. वहिनी, गाडी बदलणं हा सगळ्यात मोठा खर्च आहे, वेळेचा पण आणि डोक्याचा पण. फक्त या लाइनला गाड्या मेन लाइनसारख्या मिनिटामिनिटाला नसतात, टाइमटेबल फोनमध्ये ठेवून निघायचं. फोर्टला जायला हार्बर लाइन आहे पण सीएसएमटीपर्यंत सव्वा तास धरा. महिन्यात दोनदा म्हणजे चालेल.

सेंट्रल पार्क आहे, पावसात पांडवकड्याचा धबधबा लांबूनच बघा (आत जायला बंदी असते आणि ती बंदी बरोबर आहे, दरवर्षी कुणीतरी बुडतं), बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून चालू आहे. फुटपाथ रुंद, सासूबाईंना फिरायला उत्तम.

आता वाईट. पाणी. लोक समजतात खारघर म्हणजे नवी मुंबई म्हणजे मोरबे धरणाचं पाणी. तसं नाहीये. खारघर पनवेल महापालिकेत येतं, ती झाली २०१६ ला, आणि आमचं पाणी सिडकोकडून (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी) येतं, मोरबेचा थाट ऐरोली-वाशीवाल्यांचा. काही सेक्टरांत उन्हाळ्यात टँकर लागतात. घर बघायला गेलात की फ्लॅट मालकाला पाण्याचं विचारू नका, तो चोवीस तास म्हणणार. खाली वॉचमनजवळ पाच मिनिटं बसा, आणि मे महिन्यात दिवसाला किती टँकर आले ते विचारा. आमच्या वॉचमननं वहीच काढून दाखवली होती, गाडी नंबर, वेळ, सही. त्या वहीमुळे आम्ही ती सोसायटी सोडून शेजारची घेतली.

खाडीकाठ

सगळ्यांचं वाचलं. मी ऐरोलीत अकरा वर्षं आहे, माहेर अकोला. मला एक कळत नाही, ऑफिस ऐरोलीत आहे तर ऐरोलीत का नाही राहायचं? लोक मुंबईला येतात आणि पहिल्या दिवसापासून रोज प्रवास करायलाच हवा असं धरूनच चालतात.

रेल्वे लाइनच्या एका अंगाला ऑफिसं, दुसऱ्या अंगाला सेक्टर. मी चालत जाते, बावीस मिनिटं, पावसात शेअर रिक्षा. मुलीच्या शाळेतून फोन आला की पोट दुखतंय तर अर्ध्या तासात मी शाळेच्या गेटवर असते, हे डोंबिवलीहून करून दाखवा. तुमच्या घरी दिवसभर म्हातारं माणूस आणि दोन मुलं असणार, नवरा फोर्टला गेला त्या दिवशी तर कोणीच नाही. थ्री बीएचके घेऊन काय करणार, घर मोठं आणि घरातलं माणूस गाडीत.

थ्री बीएचके इथे तुमच्या बजेटात बसणार नाही हे आधीच सांगते. टू बीएचके बसेल, जुन्या सोसायटीत, पार्किंगसाठी भांडणं होतील अशी. आम्ही सध्या ३१ हजार देतो, दुसरा मजला, लिफ्ट आहे पण महिन्यातून एकदा रुसते. म्हणून सासूबाईंसाठी पहिल्या मजल्याच्या वर जाऊ नका, लिफ्ट असली तरी. आणि ब्रोकर खूप स्वस्त दाखवायला लागला तर विचारा की इमारत सिडकोच्या सेक्टरात आहे की गावठाणात. गावठाणातल्या खूप इमारतींना परवानगी नसते, दिघ्यात ९९ बेकायदा इमारतींवर २०१५ ला हायकोर्टानं कारवाई लावली होती तेव्हा भाडेकरूंचे पण हाल झाले.

नावं ठेवायला जागा इथे पण आहे, रात्री कधीकधी एमआयडीसीचा उग्र वास येतो, खिडक्या लावून झोपायचं. ठाणे-बेलापूर रोडवर संध्याकाळी सातला रस्ता ओलांडणं म्हणजे एक व्रत आहे. नाटक बघायचं तर वाशी किंवा ठाणे. मराठी माणसं भरपूर, सातारा-सांगलीकडची माथाडी कुटुंबं, आगरी-कोळी, आपल्याकडचे पण वाढलेत. खाडीवर जैवविविधता केंद्र आहे, हिवाळ्यात बोटीनं फ्लेमिंगो दाखवतात, मुलं खूश होतील. एकदा.

शाळेचं मात्र आज करा, उद्या नाही. सीबीएसईचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, तुम्ही जूनमध्ये येताय म्हणजे दोन महिने बुडाले आणि सहावीला मधूनच जागा असेलच असं नाही. माझ्या भाच्याच्या वेळी आम्ही आधी घर घेतलं, मग कळलं जवळच्या शाळेत वर्ग फुल, पोराला वर्षभर बसनं तासभर लांब पाठवलं, सकाळी सहाला बसमध्ये झोपलेला असायचा. आधी दोन शाळांत फोन, दोन्ही मुलांची जागा पक्की, मग त्या शाळेच्या आसपास घर. दाखला आणि मार्कलिस्ट नागपूरहून निघायच्या आधी हातात घ्या, नंतर कुरिअरनं मागवत बसू नका.

भाडं अकरा महिन्यांचंच करा. अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर करून देणं ही कायद्यानं घरमालकाची जबाबदारी आहे, तो नुसत्या स्टॅम्पपेपरवर भागवू म्हणाला तर दुसरं घर बघा.

मुलुंडचा_राजा

मुलुंड पूर्व कोणीच कसं सुचवलं नाही. ऐरोली पूल ओलांडला की ऑफिस, बस आहे, ऑक्टोबर २०२४ पासून ऐरोली नाक्यावर छोट्या गाड्यांना टोल पण नाही. पाणी बीएमसीचं. ३५ हजारात घर मात्र लहान मिळेल. आणि पश्चिमेला गेलात तर ब्रोकर आधी व्हेज की नॉनव्हेज विचारेल, त्याची तयारी ठेवा.

फडकेरोड_कट्टा

खाडीकाठ ताईंचं शाळेचं बरोबर आहे. बाकी नाटकासाठी वाशीला जावं लागतं हे ऐकून वाईट वाटलं 😄

वैदर्भी_एनजीपी

उशीर झाला उत्तर द्यायला, सॉरी. तुमचं वाचून आम्ही दोघं मागच्या आठवड्यात येऊन गेलो, विदर्भ एक्स्प्रेसनं, मुलांना आईकडे ठेवून. नवऱ्याची इच्छा होती आपल्या गाडीनं समृद्धीवरून यायची, भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत सगळा रस्ता झालाय म्हणे, पण मी म्हटलं गाडी असली की तू मला लोकलमध्ये बसूच देणार नाहीस.

बुधवारी सकाळी ८:२० ला डोंबिवली स्टेशनवर उभी राहिले. मुद्दाम, ऑफिसची बॅग घेऊन. पहिल्या दोन गाड्या सोडल्या, तिसरीत चढले म्हणण्यापेक्षा मागच्या बायकांनी मला चढवलं. आत गेल्यावर एक जण म्हणाली, पहिल्यांदा का, बॅग पुढे घ्या. ठाण्यापर्यंत माझे पाय जमिनीला टेकले होते की नाही मला आठवत नाही, पण त्याच गर्दीत दोघीजणी उभ्या उभ्या मटार सोलत होत्या, ते बघून मला त्यांचं इतकं कौतुक वाटलं काय सांगू. मला नाही जमायचं बाप्पा.

खारघर खूप आवडलं, खरंच नागपूर वाटलं. वॉचमनला वही विचारली तर तो म्हणाला वही सेक्रेटरीकडे असते आणि मग आमच्याकडे बघायचं टाळू लागला.

ऐरोलीत दोन शाळा बघितल्या, एकीत सहावीला वेटिंग, दुसरीत दोघांनाही जागा आहे, फॉर्म भरून आलो. त्या शाळेच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर टू बीएचके, ३२ मागताहेत, ३० वर येतील असं ब्रोकर म्हणतो. किचन बघून मला रडू यायचं बाकी होतं, आमच्या नागपूरच्या देवघराएवढं आहे. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर त्यांनी घर बघितलंच नाही, खाली भाजीवाली बसली होती तिच्याकडे कॅमेरा न्यायला सांगितला आणि भरताची वांगी कशी दिली विचारलं.

कूलरचं कोणीच सांगितलं नाही, पॅकर्सवाला विचारून राहिला.

खाडीकाठ

तिकडेच विका. इथे हवेतच इतकं पाणी आहे की कूलरनं गार होत नाही, नुसतं चिकट होतं. आमचा आम्ही हौसेनं आणला होता, तीन वर्षं बाल्कनीत त्यावर कुंड्या ठेवल्या. आणि ३२ देऊ नका, २९ पासून सुरू करा, ती गल्ली मला माहीत आहे.