पर्यावरणशास्त्रातील पीएचडीच्या पहिल्या वर्षी विद्यार्थ्याला नेमके काय शिकवावे?

प्रश्न (सदस्य: पाणलोट)

नमस्कार. माझ्याकडे पीएचडीसाठी येणारे विद्यार्थी रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, भूगोल, स्थापत्य अभियांत्रिकी अशा निरनिराळ्या शाखांतले असतात. आपापल्या मूळ विषयाची शिस्त प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेली असते. पण पर्यावरणशास्त्राला लागणारी शिस्त त्यात येतेच असे नाही.

अलीकडेच एका विद्यार्थिनीने नदीतील दोन ठिकाणांच्या विरघळलेल्या प्राणवायूचे आकडे आणून दाखवले. सांडपाणी मिसळते त्याच्या वरच्या अंगाला लिटरमागे ५.८ मिलिग्रॅम आणि खालच्या अंगाला ८.१ मिलिग्रॅम, तेव्हा सांडपाण्याचा परिणाम होत नाही, असा तिचा निष्कर्ष होता. प्रयोगवही उघडली, तर वरचा नमुना सकाळी सात वाजता आणि खालचा दुपारी तीन वाजता घेतलेला होता. शेवाळ व पाणवनस्पती दिवसभर प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्रभर फक्त श्वसन चालते, त्यामुळे अशा पाण्यातला प्राणवायू पहाटेच्या सुमारास सर्वांत कमी आणि दुपारनंतर सर्वांत जास्त असतो. तिची विंक्लर पद्धतीची (रसायने घालून विरघळलेला प्राणवायू मोजण्याची) मोजणी निर्दोष होती, परंतु ठिकाणातला फरक आणि वेळेतला फरक एकमेकांत मिसळून गेला होता आणि आता तो कोणत्याही गणिताने वेगळा काढता येणार नव्हता.

संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र हे दोन्ही विषय ती उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली आहे, म्हणून मला अधिक काळजी वाटते. पहिल्या वर्षी वर्गातील अभ्यासक्रम वाढवावा, की विद्यार्थ्याला लवकर क्षेत्रकामावर पाठवावे? सर्व शाखांची तोंडओळख आवश्यक आहे, की एकाच तंत्रात पारंगत करणे बरे?

उत्तर १ (सदस्य: प्रयोगवही)

माझ्या मते अभ्यासक्रम वाढवून हा प्रश्न सुटणार नाही. विद्यार्थी कोणत्याही शाखेचा असो, त्याने पहिल्या सहा महिन्यांत एक तरी नमुना बाटली धुण्यापासून अंतिम आकड्यापर्यंत आणि त्या आकड्यातल्या अनिश्चिततेपर्यंत स्वतः न्यावा. हल्ली नमुने उपकरण विभागाकडे सोपवायचे आणि तक्ता हाती आला की लेखनाला बसायचे, अशी रीत पडली आहे. त्यामुळे आकडा कुठे बिघडू शकतो, हे विद्यार्थ्याला कळण्याची वेळच येत नाही.

पाण्यातील विरघळलेल्या धातूंचेच घ्या. नमुना गाळून त्यात नायट्रिक आम्ल घालतात आणि पीएच २ च्या खाली नेतात, नाहीतर धातूंचा काही अंश बाटलीच्या भिंतींना चिकटून राहतो. पण त्याच बाटलीतून नायट्रेट मोजायला गेलात, तर आपणच घातलेल्या आम्लातील नायट्रेट मोजाल. हे पुस्तकात वाचलेल्या विद्यार्थ्याला आणि दोन वेगवेगळ्या बाटल्यांवर स्वतः चिठ्ठ्या लावलेल्या विद्यार्थ्याला सारखेच समजलेले असते, असे मला वाटत नाही. फील्ड ब्लँकचेही (हाताळणीत नमुन्यात बाहेरून काय मिसळते, हे तपासण्यासाठीच्या कोऱ्या नमुन्याचेही) तसेच. शुद्ध पाणी नदीकाठी नेऊन, तिथे उघडून, गाळून परत आणायचे हा वेळेचा अपव्यय आहे असे नव्या विद्यार्थ्याला वाटते, आणि त्या ब्लँकमध्ये जस्त सापडले की मगच, ते ज्यांतून आले असावे त्या हातमोजांकडे त्याचे लक्ष जाते.

भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांचे उदाहरण प्रत्येक विद्यार्थ्याला सांगावे. उल्कापाषाणांतील शिशाच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंवरून) पृथ्वीचे वय सुमारे ४.५५ अब्ज वर्षे असल्याचे त्यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केले. परंतु तेथवर पोहोचण्यासाठी त्यांना हवेतून, भांड्यांतून आणि रसायनांतून नमुन्यात शिरणाऱ्या शिशाशी कित्येक वर्षे झगडावे लागले. प्रयोगशाळेत एवढे शिसे येते कुठून, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही, आणि त्यातूनच शिसेयुक्त पेट्रोलमुळे होणाऱ्या जागतिक प्रदूषणावरचे त्यांचे काम उभे राहिले. एरवी केवळ अडचण म्हणून दुर्लक्षिली गेली असती, अशी ती दूषितताच संशोधनाचा विषय झाली.

उत्तर २ (सदस्य: मृदाकण)

वरील मताशी मी सहमत आहे. पण प्राणवायूच्या उदाहरणातला दोष प्रयोगशाळेतला नसून आराखड्यातला आहे. परिसंस्थाशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये १७६ प्रायोगिक अभ्यास तपासले होते. त्यांपैकी ज्यांत संख्याशास्त्रीय कसोट्या वापरल्या होत्या, अशा जवळजवळ निम्म्या अभ्यासांत आभासी पुनरावृत्तीचा दोष आढळला. एकाच तळ्यातून दहा बाटल्या भरल्या म्हणजे दहा तळी अभ्यासली असे होत नाही, हा त्याचा मथितार्थ. म्हणून माझ्याकडे पहिला नमुना घेण्याआधी विद्यार्थ्याने संपूर्ण तक्ता काल्पनिक आकड्यांनी भरावा आणि त्यावर नियोजित विश्लेषण करून दाखवावे, असा नियम आहे. ठिकाण आणि वेळ यांची गल्लत त्याच टप्प्यावर उघडी पडते, आणि तेव्हा ती दुरुस्त करायला कागदाशिवाय काही खर्च होत नाही.

आणखी एक गोष्ट म्हणजे पीएचडीचा काळ निसर्गातील बदलांच्या मानाने फार अपुरा असतो. हवाई बेटावरील मौना लोआ येथे शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी हवेतील १९५८ मध्ये कार्बन डायऑक्साइडची नोंद सुरू केली, तेव्हा तिथले ऋतुमानानुसारचे चढउतार दशलक्षात सुमारे ६ भागांचे होते आणि वार्षिक वाढ एका भागाहूनही कमी होती. तीन वर्षांच्या स्वतःच्या मोजणीवर कल सांगू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला हे आधी दाखवावे आणि शक्य तिथे जुन्या दीर्घकालीन नोंदींवर काम द्यावे.

उत्तर ३ (सदस्य: भरतीरेषा)

'मृदाकण' यांच्या शेवटच्या मुद्द्याशी मी पूर्णपणे सहमत नाही. त्याच कीलिंग यांनी १९६० च्या लेखात, म्हणजे मोजणी सुरू होऊन दोनेक वर्षे झाली असतानाच, दक्षिण ध्रुवावरील नोंदींच्या आधारे वाढीकडे लक्ष वेधले होते. तिथे ऋतुमानाचे चढउतार फारच कमी असतात, आणि त्यांचे संदर्भवायू (तुलनेसाठी वापरलेले, कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण माहीत असलेले वायू) मॅनोमीटर या दाबमापकाने काटेकोर प्रमाणित केलेले होते. थोडक्या काळाची मोजणीसुद्धा बोलू शकते, मात्र जागेची निवड विचारपूर्वक आणि प्रमाणीकरण पक्के हवे. विद्यार्थ्याला हा विश्वास देणेही प्रशिक्षणाचाच भाग आहे. नुसत्या जुन्या नोंदींवर वाढलेला संशोधक पुढे स्वतःचे मोजणीकेंद्र उभारायला कचरतो, हे मी जवळून पाहिले आहे.

व्याप्ती की खोली, या मूळ प्रश्नाबद्दल माझे मत असे आहे की एक तंत्र हाताने यावे आणि बाकीच्या शाखांतील तज्ज्ञाला योग्य प्रश्न विचारता यावा. त्यासाठी तोंडओळखीच्या व्याख्यानांपेक्षा एक साधी प्रथा उपयोगी पडते: दर महिन्याला एका विद्यार्थ्याने आपल्या प्रयोगवहीची काही पाने दुसऱ्या शाखेच्या सहाध्यायाला द्यावीत आणि तोंडी काहीही न सांगता, केवळ त्या नोंदींवरून त्याला तोच नमुना पुन्हा घेता येतो का, हे पाहावे. वेळ, खोली, हवामान, उपकरणाचे शेवटचे कॅलिब्रेशन यांपैकी काय लिहायचे राहिले, ते नदीवर पोहोचताच त्या सहाध्यायाला कळते. मार्गदर्शकाने अशा वेळी स्वतः सोबत जावे, पण उत्तर सांगू नये.