बंद पडलेल्या छोट्या कंपनीची माउंटन बाइक फ्रेम घ्यावी का?

जांबोटी_रोड: नमस्कार मंडळी. मी टिळकवाडी, बेळगाव. रविवारी राजहंसगड, नाहीतर देवरवाडीचा वैजनाथ, असं चालू असतंय. माझा मामेभाऊ अमेरिकेतून कायमचा परत येतोय. त्याच्याकडं तिकडच्या एका छोट्या कंपनीची कार्बन फुल सस्पेन्शन (पुढं-मागं दोन्हीकडं धक्के झेलणारी) फ्रेम आहे, मागच्या शॉकसकट. कंपनी बंद पडली म्हणून जवळजवळ फुकटात देतोय. घेऊ काय? आणि दुसरं, ही छोटी मंडळी एकामागून एक का झोपायलीत? सायकली तर झकास करत होती की.

चिकोडी_एक्सप्रेस: नको. वॉरंटी नाही, पार्ट नाहीत. शोकेसमध्ये ठेवणार असशील तर घे.

उद्यमबाग_टर्नर: चिकोडीकरांचं निम्मं बरोबर आहे. वॉरंटी गेली ती गेलीच. पार्टचं मात्र तसं नाही, खाली सांगतो. आधी तुझा दुसरा प्रश्न घेतो, कारण तो आमच्या पोटाचा आहे. आमचं मशीन शॉप आहे, हायड्रॉलिकचे पार्ट करतो. गिऱ्हाईक मोठं, आम्ही लहान.

हा धंदा मुळात छोट्यांनीच काढला. १९७७-७८ ला कॅलिफोर्नियात, मरिन काउंटीत जो ब्रीझनं डोंगरासाठी म्हणून फ्रेम स्वतः जोडली. १९७९ ला टॉम रिची फ्रेमा करायचा आणि गॅरी फिशर, चार्ली केली त्या विकायचे. क्रोमोलीच्या (मिश्र पोलादाच्या) नळ्या, त्या धरून ठेवायला एक जिग, पितळी जोडाचा ब्रेझिंग टॉर्च, झाला कारखाना. १९८१ ला स्पेशलाइज्ड कंपनीनं तसलीच सायकल जपानात करवून आणली, स्टम्पजम्पर. त्यापुढं भावात टिकणं छोट्याच्या हातात राहिलं नाही. वेगळं काहीतरी करून दाखवायचं, तेवढ्यावरच तो उभा. नव्वदीत बऱ्याच जणांनी नावं विकली. ट्रेक ह्या मोठ्या कंपनीनं १९९३ ला गॅरी फिशर घेतलं, १९९५ ला क्लाइन आणि बॉन्ट्रेगर. बॉस्टनजवळची फॅट सिटी ही छोटी सायकल कंपनी विकली जाऊन दुसऱ्या गावाला हलली, तेव्हा मागं राहिलेल्या कामगारांनी इंडिपेंडंट फॅब्रिकेशन काढलं. हे मला लई आवडतं. मालक गेला, हात राहिले.

पण खरं मोडलं ते नळी जाऊन साचा आला तेव्हा. नळी कापून भूमिती बदलायला एक दुपार लागते. कार्बनला प्रत्येक साइझचा साचा वेगळा, मागच्या त्रिकोणाचा (मागचं चाक धरणाऱ्या भागाचा) आणखी वेगळा. आणि साच्याचे पैसे फिटायच्या आत बाजार चाक बदलतो. २६ इंची गेलं, २९ आणि साडेसत्तावीस आली. मागच्या चाकाच्या हबची रुंदी १४२ मिमीवरून १४८. इथल्या कुठल्याही फाउंड्रीवाल्याला विचार, गिऱ्हाइकानं ड्रॉइंग बदललं की जुन्या पॅटर्नचं काय होतंय ते. मोठी कंपनी तो खर्च हजारो फ्रेमांवर वाटते. छोट्याकडं वाटायला फ्रेमाच नाहीत. त्यात सस्पेन्शनची पेटंटं. हॉर्स्ट लिंक ह्या मागच्या सस्पेन्शनच्या रचनेचं स्पेशलाइज्डकडं होतं, अमेरिकेत ते २०१३ ला संपलं. तोवर तिथं परवाना घ्या, नाहीतर दुसरी रचना शोधा.

शेवटचा धक्का कोविडचा. मागणी उसळली, पार्टला वर्षवर्ष थांबावं लागलं, सगळ्यांनी जादा ऑर्डरी टाकल्या. माल पोचला तेव्हा मागणी बसलेली. मोठ्यांनी निम्म्या भावात सायकली काढल्या, मग छोट्याची पूर्ण भावाची फ्रेम कोण घेणार? २०२४ च्या जानेवारीत इंग्लंडातल्या हॅलिफॅक्सची ऑरेंज सायकल कंपनी दिवाळखोरीच्या प्रशासकांच्या ताब्यात गेली, कशीबशी वाचली. त्याच वर्षी कोना ही सायकल कंपनी तिच्या मूळ संस्थापकांनी परत विकत घेतली. वर्षअखेरीस कॅनडाच्या रॉकी माउंटननं घेणेकऱ्यांपासून कोर्टाचं संरक्षण मागितलं. ह्या काय गल्लीतल्या कंपन्या नव्हेत.

(आपल्या गावात १८८८ ला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचं दुकान काढलं होतं. पुढं कडबा कापायची यंत्रं आणि नांगर केले. वेळेत निसटले म्हणायचं!)

आता फ्रेम. पिव्होटची (मागचा भाग जिथं हलतो त्या सांध्यांची) बेअरिंगं बहुतेक ६९०२, ६८०२, ६९०० असल्या चालू नंबरांची असतात, बेअरिंगच्या दुकानात मिळतात. रबर सीलचीच घे, कणकुंबीकडच्या पावसात पत्र्याचं सील काही कामाचं नाही. बोल्ट आणि स्पेसर लेथवर होतात. डिरेलरचा (मागच्या गिअर बदलणाऱ्या यंत्राचा) हँगर यूडीएच, म्हणजे सगळीकडं चालणारा प्रमाणित असला तर प्रश्नच मिटला, नसला तर ६०६१ ॲल्युमिनियममधून मिल करता येतो. शॉकचं माप विचार, प्रमाणित असेल तर दुसरा बसेल. न होणारी गोष्ट एकच, कार्बनची लिंक (सस्पेन्शनचा जोडदांडा) किंवा मागचा त्रिकोण. तो फुटला की संपलं. म्हणून बॉटम ब्रॅकेटजवळ (पेडलचा दांडा फिरतो तिथं) आणि पिव्होटच्या भोवती उजेड मारून फोटो मागव. नाण्यानं हळू ठोकून बघायला सांग, आवाज कुठं बद्द येतोय काय.

निपाणीची_अक्का: टर्नरदादांशी सहमत. माझी ॲल्युमिनियमची फ्रेम, तीही बंद झालेल्या कंपनीची. चोर्ल्याच्या अलीकडं ऐन पावसात लिंकचा बोल्ट तुटला. शिरोली एमआयडीसीत ईएन-२४ पोलादात करून घेतला, मूळच्यापेक्षा जड आहे पण सरळ आहे. चिकोडीकर, वॉरंटीवाल्या मोठ्या ब्रँडचासुद्धा जुना पार्ट मागून बघा एकदा. 'मॉडेल बंद झालंय' एवढंच ऐकायला मिळतंय.

चिकोडी_एक्सप्रेस: ते खरं आहे अक्का. पण कार्बनला ईएन-२४ चालणार नाही.

जांबोटी_रोड: भाऊ म्हणतोय हँगर यूडीएच आहे, मागचा हब १४८, शॉक २१० बाय ५५ मिमी. डाव्या चेनस्टेवर (पेडलपासून मागच्या चाकाकडं जाणाऱ्या दांड्यावर) खरचटल्याची एक रेघ आहे, ती रंगातच आहे म्हणतोय. टर्नरदादा, बोल्ट तुमच्याकडं होतील काय?

उद्यमबाग_टर्नर: होतील की. आख्खी फ्रेम यायच्या आधी पिव्होटचा एक बोल्ट काढून कुणाकडून तरी पाठवायला सांग, थ्रेड बघतो. आणि ती रेघ नखाला लागतेय काय ते विचार. लागत असली तर फ्रेम तिकडंच राहू दे, शॉक तेवढा आण.