मदत हवी आहे: टेनर सॅक्सोफोनचा आवाज नेमका कशामुळं बदलतो?

नमस्कार मंडळी, मी कोल्हापूर, शिवाजी पेठेतला. टेनर घ्यायचं पक्कं झालंय, पण कोणता यावर गाडं अडलंय. एक नवा यामाहा वायटीएस-२८०, दुसरा ओळखीच्या बँडवाल्या काकांचा जुना मेरठचा. यामाहा वरपासून खालपर्यंत सुरात, पण जरा जास्तच सभ्य. मेरठवाल्याच्या पॅडमधून (भोकं झाकणाऱ्या गाद्यांतून) हवा गळते, सगळ्यात खालचा सूर बी फ्लॅट जोर लावल्याशिवाय निघत नाही, पण मधल्या पट्टीतला तो खरखरीत, भरलेला आवाज म्हणजे नादच खुळा!

गोम अशी की यामाहावर सोबतचा ४सी माउथपीस (तोंडात धरायचा भाग) होता, काकांच्यावर धातूचा. मग मी ऐकलं काय, वाद्य की माउथपीस? यूट्यूबवर तर प्रत्येकाची खोली वेगळी, माइक वेगळा. (१९५४ ला आलेला सेल्मर मार्क सिक्स कृपया सुचवू नका, तेवढा खिसा नाही.)

कुणाकडे दोन टेनर असतील तर एकच माउथपीस, एकच रीड (माउथपीसवरची कंप पावणारी पातळ पट्टी) लावून तीच ओळ दोन्हींवर वाजवून पाठवाल का? खालचे सूर हळू फुंकलेले हवेतच. आणि कोल्हापूर-सांगलीकडं पॅड बदलणारा चांगला कारागीर कोण आहे?